उलट्या घराची सरळ गोष्ट

लिफ्ट तपासणाऱ्या माणसाने कथा लिहायला घेऊ नये. घेतलीच तर घरात सांगू नये, आणि सांगितलीच तर काकांच्या कानावर तरी जाऊ देऊ नये. आमच्या तपासनिसांनी या तिन्ही चुका एकाच सकाळी, एकाच कप चहात केल्या. पुढे त्यांनी जे भोगलं ते वैऱ्याच्याही वाट्याला न येवो.

आता तपासनीस म्हणजे काही लहानसहान माणूस नव्हे. शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या सहीशिवाय हलत नसत. खात्यात नवीन आलेल्या माणसाला त्यांचे अहवाल नमुना म्हणून वाचायला देत. ‘सदर लिफ्टची पाहणी केली असता दरवाजा कुरकुरत असल्याचे आढळले’ असं वाक्य ते लिहीत आणि मग खुर्चीला टेकून स्वतःच एकदा वाचून बघत. ‘कुरकुरत’ हा शब्द त्यांचा स्वतःचा. आधीचे लोक नुसतं ‘सदोष’ लिहून मोकळे व्हायचे. ज्याला दरवाजाची कुरकुर ऐकू येते त्याच्या आत एक लेखक बसलेला असतोच, अशी तपासनिसांची खात्री होती. फक्त जगाला ते कळवायचं राहून गेलं होतं.

ती संधी मंडळाने आणली. मंडळ म्हणजे ‘तिकडून’ आलेल्या आपल्या माणसांचं. तिकडे म्हणजे जिथून सगळ्यांचे आजोबा-पणजोबा बोटीत बसून निघाले ते. मंडळातल्या बहुतेकांनी तिकडचं काही पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे तिकडच्याबद्दल कोणाला काही शंकाही नव्हती. तिकडचं पाणी गोड, तिकडची माणसं सरळ, तिकडचे डासदेखील विचारून चावायचे. तर या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात यंदा कथास्पर्धा ठेवली होती. विषय : ‘आमचं तिकडचं घर’. निवडक कथा सगळ्यांसमोर वाचायच्या, पहिल्या रांगेत ज्येष्ठ मंडळी.

“मी लिहिणार आहे,” तपासनिसांनी चहाच्या टेबलावर जाहीर केलं.

“लिहा की,” बायको वह्या तपासता तपासता म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची आणि कुठल्याही गोष्टीला आधी ‘हो’ म्हणून मग उत्तर तपासायची. “पण तिकडच्या घरात लिफ्ट नव्हती, एवढं लक्षात ठेवा.”

तपासनिसांनी हा टोमणा उदार मनाने सोडून दिला. मोठ्या माणसांना घरातून हे ऐकावंच लागतं.

पण खरं सांगायचं तर त्यांना कथा लिहायची होती ती काही नुसत्या कौतुकासाठी नव्हे. त्याचं कारण ते बसले होते ते घरच होतं.

हे घर आजोबांनी बांधलं. तिकडून आल्यावर आजोबांनी कितीतरी वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली, गोदीत ओझी उचलली, पोरांना वाढवलं, थोरल्या लेकीचं लग्न करून तिला दूरच्या गावी पाठवलं, आणि मग कधीतरी हा तुकडा घेऊन स्वतःच्या हाताने घर उभं केलं. उभं केलं ते उलटं. म्हणजे रस्ता एकीकडे आणि घराचं तोंड दुसरीकडे. रस्त्यावरून येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा भेटायची ती न्हाणीघराची खिडकी. तिथून कडेच्या बोळातून अंग चोरत मागे गेलं की मग दार. दारापुढे बसायला लांबलचक ओटा, लग्नाची पंगत बसेल एवढा. आणि ओट्यासमोर काय? टायरच्या गोदामाची भिंत. करडी, आडवी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

एवढ्यावर थांबले असते तर ते आजोबा कसले! दाराचा उंबरा त्यांनी गुडघ्याएवढा उंच घातला. या घरात पहिल्यांदा आलेला माणूस आत येत नसे, आत पडत असे. मग ओट्याच्या भिंतीत एक जाडजूड लोखंडी कडी बसवली. ती कशासाठी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. काका म्हणायचे घोडा बांधायला. घोडा बोळातून आला कसा असता, हे काकांना विचारायची सोय नव्हती. घरचे तिला सायकलची कडी म्हणत आणि तिला सायकल बांधत.

टपालवाला या सगळ्याला केव्हाच कंटाळलेला. तो सरळ न्हाणीघराच्या खिडकीवर टकटक करी आणि आत जो असेल त्याच्या हातात टपाल देई. तपासनिसांच्या बढतीचं पत्र त्यांना डोक्याला साबण असताना मिळालं होतं. त्यांनी ते एका डोळ्याने वाचलं.

सगळा मोहल्ला या घराला ‘उलटं घर’ म्हणे आणि घरच्यांना ‘उलटे’. “अहो, तुमच्या वडिलांनी नकाशा उलटा धरला होता म्हणे?” असं आप्पांना, म्हणजे तपासनिसांच्या वडिलांना, जन्मभर विचारलं गेलं. मंडळात तर हा विनोद इतका जुना झाला होता की आता त्यावर कोणी हसतही नसे, नुसती मान हलवत. आप्पाही बरोबर हसत. पण घरी आल्यावर ते त्या दिवशी जेवताना बोलत नसत.

आजोबांना त्यांच्या हयातीत विचारलं होतं. ते बोलत कमी. “घर असंच असतं,” एवढं म्हणत आणि ओट्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसत. रोज संध्याकाळी. मान जराशी कलती करून, कोणीतरी हाक मारणार आहे आणि ती चुकता कामा नये, असं. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचं डोकंही उलटंच बसवलंय.

यंदा आप्पांनी मनावर घेतलं. पालिकेच्या नोटिसा तर वर्षानुवर्षं येतच होत्या : ‘घराची दर्शनी बाजू रस्त्याकडे नसल्याने क्रमांकाची पाटी लावता येत नाही.’ आप्पांनी अर्ज करून टाकला. न्हाणीघर पाडायचं, रस्त्याच्या बाजूला दार काढायचं, ओटा तोडायचा, उंबरा उखडायचा. पाहणीला पालिकेचा माणूस मेळाव्यानंतर येणार होता.

“मी जायच्या आत हे घर सरळ करून जाणार,” आप्पा म्हणाले. “माझ्या बापाला लोक हसतात हे मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतोय. आता पुरे.”

तपासनिसांना ते लागलं. घर पालिका सरळ करील, पण आजोबांची अब्रू कोण सरळ करणार? ती कथा करील. तिकडचं आपलं घर काय तोलामोलाचं होतं हे एकदा भर सभेत ऐकवलं की झालं. असं घर सोडून आलेल्या माणसाच्या हातून इकडे दोन-चार विटा उलट्या लागल्या असतील, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

तर कागद समोर घेतला, पेन उघडलं आणि पहिलं वाक्य झरकन उतरलं : ‘सदर गावाची पाहणी केली असता नदी सुस्थितीत असल्याचे आढळले.’

बायकोने ते वाचलं. मग कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

“कसं आहे?”

“नदीला सही-शिक्का कधी देताय?”

तपासनिसांनी कागद बदलला. अडचण अशी होती की तिकडच्या घराबद्दल त्यांना एकही गोष्ट माहीत नव्हती. आप्पा तिकडून निघाले ते आईच्या कडेवर, त्यांना आठवत होतं ते फक्त बोटीतलं रडणं, आणि तेही आईने सांगितलेलं. राहिले काका. काका आप्पांचे धाकटे भाऊ, जन्मले इकडेच, त्यामुळे त्यांना तिकडचं सगळं लख्ख आठवत होतं.

काका रोज संध्याकाळी येऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांच्या सांगण्यात घराला एक दरवाजा होता. दुसऱ्या दिवशी त्यावर नगारखाना चढला. मग हत्ती आला. “आपला हत्ती?” तपासनिसांनी विचारलं. “आपला म्हणजे, यायचा,” काका म्हणाले. नदीचं पात्र दर भेटीत रुंद होत गेलं, ते शेवटी इतकं झालं की पलीकडचा काठच दिसेनासा झाला. “अरे, आपण जहागीरदार! तुझ्या आजोबांनी हातात कधी काठी धरली नाही!” गोदीत ओझी वाहिलेल्या माणसाबद्दल हे ऐकून आप्पा नुसते बघत राहत. पण अडवत नसत. ऐकायला बरं वाटत होतं त्यांनाही.

ऑफिसातही बातमी फुटली होती. हेडक्लार्कने सांगितलं की कथेत एक प्रेमप्रकरण पाहिजेच. शिपायाने सांगितलं की निदान एक खून पाहिजे. शेजारच्या दंतवैद्यांनी पायरीवर गाठून सांगितलं की कथा दुःखी करा, लोक दुःखी कथेला टाळ्या वाजवतात, मी रोज बघतो. हे ते कशावरून म्हणाले कोण जाणे. तपासनिसांचा स्वभाव पडला भिडस्त. त्यांनी सगळ्यांचं थोडं थोडं ठेवलं. कथा तयार झाली तेव्हा तीत जहागीरदार, हत्ती, नगारखाना, एक प्रेमप्रकरण, अर्धवट खून आणि सुस्थितीतली नदी, एवढा ऐवज होता. ती पाकिटात घालताना तपासनिसांची छाती दोन बोटं फुगली होती.

आठवड्याच्या आत न्हाणीघराच्या खिडकीतून ती परत आली.

त्याचं असं झालं होतं की मागच्या मेळाव्यात कोणीतरी तिकडच्या डोंगराचं डोळ्यांत पाणी आणणारं वर्णन वाचलं आणि नंतर तोच डोंगर एका कॅलेंडरवर सापडला. त्यावरून मंडळ फुटायची वेळ आली. म्हणून यंदा अध्यक्षीणबाईंनी नियम केला होता : कथा कितीही कल्पनेतली असो, घराची प्रत्येक वस्तू तिकडे राहून आलेल्या एखाद्या हयात माणसाने ‘होती’ म्हणून सांगितलेली पाहिजे. जिला साक्षीदार नाही ती वस्तू खोडायची.

तपासनीस तावातावाने अध्यक्षीणबाईंकडे गेले. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यापुढे उभं राहिलं की भल्याभल्यांना गृहपाठ विसरल्यासारखं वाटे.

“हत्तीला साक्षीदार कोण?” बाईंनी विचारलं.

“आमचे काका.”

“जन्म?”

“इकडचा.”

बाईंनी हत्ती खोडला. नगारखाना खोडला. खून आपोआपच पडला, कारण तो नगारखान्यात होत होता.

“अहो, पण ही कथा आहे! साहित्य आहे!” तपासनीस कळवळले.

“तुम्ही बिघडलेली लिफ्ट चांगली आहे म्हणून लिहिता का?”

“छे! माणसं चढतात त्यात!”

“इथेही चढतात,” बाई म्हणाल्या आणि कागद परत दिले.

आता राहिली एकच आशा : आत्या. आप्पांची थोरली बहीण. निघाली तेव्हा ती चांगली हाताशी आलेली पोर होती, धाकट्या भावाला कडेवर घेऊन हिंडायची. हयात साक्षीदार म्हणतात तो हाच. पण आत्या राहायची लांब, आणि बोलण्यात थेट आपल्या बापावर गेलेली. तपासनीस बसने तिच्याकडे गेले. आत्या अंगणात शेंगा सोलत बसली होती.

“आत्या, तिकडचं घर कसं होतं गं?”

“घरासारखं.”

“म्हणजे कसं?”

“अरे, घर कसं असतं? आत शिरायचं, बसायचं, खायचं, झोपायचं. त्यात काय सांगायचंय?” आत्याने एक शेंग त्यांच्या हातात दिली. “बसलाच आहेस तर सोल.”

तपासनिसांनी शेंगा सोलल्या. मोठी टोपली होती. पण हात चालायला लागले तसं आत्याचं तोंडही चालायला लागलं. नदी होती, हो. दारातच. हत्ती? “हत्ती कुठला रे मेल्या!” जहागीर? आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. “अरे, नाव होती आपली. लाकडाची नाव. बाबा नदीपलीकडे माणसं सोडायचे.”

तपासनिसांच्या हातातली शेंग तशीच राहिली. जहागीरदाराचा नातू बसमध्ये चढला होता, तो उतरताना नावाड्याचा नातू होऊन उतरणार होता. आता काकांना काय सांगायचं? आणि आप्पांना?

घरी आल्यावर त्यांनी आप्पांना नावेचं सांगितलं. आप्पांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, “नावाडी तर नावाडी. पण सभेत सांगायलाच पाहिजे का? आधीच उलटे म्हणतात.”

“अक्का विसरली असेल,” काका म्हणाले. “वय झालंय तिचं.”

तपासनीस पेचात पडले. पण वीस वर्षं खोटा अहवाल न लिहिलेला तो माणूस. हात वळेचना. आत्याने सांगितलं तेवढंच लिहायचं, कमी नाही, जास्त नाही, असं त्यांनी ठरवलं आणि लिहून काढलं. एक माणूस, एक नाव, एक घर. पलीकडच्या काठावरून हाक येते आणि तो उठतो, एवढीच गोष्ट. ती बायकोने वाचली. मग लाल पेनाने कोपऱ्यात बरोबरची खूण केली आणि वह्यांकडे वळली. तपासनिसांना लग्न झाल्यापासून मिळालेली ती पहिली खूण.

मेळाव्याला सभागृह गच्च भरलेलं. पहिल्या रांगेत आप्पा, मध्ये आत्या, पलीकडे काका. काका जहागीर गेल्यापासून घुश्शात होते, पण कोट इस्त्रीचा घालून आले होते. तपासनीस ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. पहिली दोन वाक्यं ध्वनिक्षेपक बंद असताना झाली. तिसऱ्या वाक्याला तो असा किंचाळला की मागच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं. पण लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना धीर देण्यात जन्म गेलेला तपासनीस डगमगला नाही.

“‘घराचं तोंड रस्त्याकडे नव्हतं,’” त्यांनी वाचलं. “‘गावाकडे पाठ आणि तोंड मागे नदीकडे. दारापुढे लांब ओटा.’”

सभेत कोणीतरी खुसखुसलं.

“‘उंबरा गुडघ्याएवढा उंच.’”

खुसखुस वाढली. “अहो, हा उंबरा मला माहीत आहे!” एक गृहस्थ उभे राहून ओरडले. “माझी नडगी फुटली होती तिथे!”

“‘ओट्याच्या भिंतीत,’” तपासनिसांनी आवाज चढवला, “‘एक लोखंडी कडी...’”

आता मात्र सभागृह फुटलं. “ती सायकलची कडी!” “तुमच्याच घराचं वर्णन करताय की!” “टायरचं गोदाम पुसून तिथे नदी घातली म्हणजे झालं होय तिकडचं घर?” दंतवैद्यांनी हसताना तोंडावर रुमाल धरला. अध्यक्षीणबाईंनी घंटा वाजवली, ती कोणाला ऐकू गेली नाही.

तपासनीस कागदाकडे बघत राहिले. अहो, आपल्याच हाताने लिहिलेला कागद! लोकांच्या लिफ्टचा एक खिळा ढिला असला तर यांना खालून दिसायचा, आणि ज्या उंबऱ्यावरून रोज पाय उचलून टाकला तो ओळखू आला नाही. आत्याने सांगताना ‘होडीची कडी’ म्हटलं होतं, आणि यांच्या डोक्यात घरची कडी सायकलची. त्या दोन कड्या एकच आहेत हे त्यांना या क्षणापर्यंत दिसलंच नव्हतं. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. आप्पा खाली मान घालून बसले होते. भर सभेत आजोबांची अब्रू सरळ करायला निघालेल्या नातवाने ती होती नव्हती तेवढीही घालवली होती.

“काय झालं काय सगळ्यांना?” आत्या उभी राहिली. तिला ध्वनिक्षेपक लागत नसे. तिचा आवाज नदीच्या या काठावरून त्या काठावर जायच्या सवयीचा. “हसताय कशाला?”

सभा जरा निवली. “आजी,” ते नडगीवाले गृहस्थ म्हणाले, “हे तिकडचं घर नाही. हे यांचं इकडचं उलटं घर आहे.”

“उलटं?” आत्याने आप्पांकडे पाहिलं. “आपलं घर उलटं आहे?”

“अक्का, सगळं गाव म्हणतं,” आप्पा पुटपुटले. “मोहल्ल्याला तोंडपाठ आहे. तुला माहीत नाही?”

“मला कधी उलटं दिसलं नाही रे! मी येते, बोळातून मागे जाते, ओट्यावर बसते. तिकडेही असंच होतं. दाराचं तोंड नदीकडे, पलीकडून हाक आली की बसल्या जागी ऐकू यावी म्हणून. पूर आला की पाणी आत शिरू नये म्हणून उंबरा गुडघ्याएवढा. कडी नाव बांधायला. आणि ओटा लांब, कारण नावेची वाट बघत अख्खं गाव आपल्या ओट्यावर बसायचं. बाबांनी कधी कोणाला उन्हात उभं केलं नाही.” आत्या सभेकडे वळली. “माझ्या बापाने नकाशा उलटा धरला नव्हता. नकाशा होताच कुठे त्यांच्याकडे? त्यांना एकच घर ठाऊक होतं, ते त्यांनी आठवणीतून बांधलं. विटेला वीट लावून. एक नदी तेवढी त्यांना आणता आली नाही.”

दंतवैद्यांचा तोंडावरचा रुमाल डोळ्यांवर गेला.

आप्पांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. “म्हणजे ते रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे ते...”

“हाक ऐकायला,” आत्या म्हणाली. “दुसरं काय?”

आप्पा उठून उभे राहिले. आखूड बांध्याचा माणूस, पण त्या दिवशी उंच दिसला. “माझा बाप नावाडी होता,” त्यांनी भर सभेत सांगितलं. “जहागीरदार नव्हे. नावाडी. आता ज्याला हसायचं असेल त्याने हसून घ्या.” कोणी हसलं नाही. ते मुलाकडे वळले. “वाच रे पुढे. थांबलास का?”

तपासनिसांनी पुढचं वाचलं. कसं वाचलं ते त्यांना आठवत नाही. टाळ्या आठवतात. त्या नडगीवाल्या गृहस्थांनी जवळ येऊन आप्पांचे दोन्ही हात धरले ते आठवतं. काका तर बाहेर पडेपर्यंत चार जणांना सांगून बसले होते की आपली नाव पंचक्रोशीत सगळ्यात मोठी होती, आणि तिच्यात हत्तीसुद्धा चढायचा.

पहिलं बक्षीस अर्थातच अध्यक्षीणबाईंच्या जावेला गेलं. तपासनिसांना उत्तेजनार्थ. त्याचं प्रमाणपत्र त्यांनी चौकटीत घालून न्हाणीघराच्या खिडकीजवळ लावला, म्हणजे टपालवाल्याला रोज दिसेल.

आणि ठरलेल्या दिवशी पालिकेचा माणूस पाहणीला आला. न्हाणीघराच्या खिडकीवर टकटक करून, बोळातून अंग चोरून, उंबऱ्याला अडखळून, आतली पाहणी उरकून तो एकदाचा ओट्यावर परतला. नडगी चोळत त्याने फाइल उघडली. आप्पा ओट्याच्या मधोमध मांडी घालून बसले होते, धुतलेल्या शर्टात. शेजारी तपासनीस.

“तुमचा अर्ज आहे घर सरळ करायचा.”

“अर्ज रद्द करा,” आप्पा म्हणाले.

“असं कसं रद्द? रकाना भरावा लागेल. दर्शनी बाजूला काय आहे?”

“नदी.”

माणसाने मान वर करून समोर पाहिलं. टायरच्या गोदामाची भिंत होती तिथेच होती. त्याने फाइलमध्ये पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

“आजोबा, इथे नदी कुठे आहे?”

“तुम्ही नवीन आहात,” आप्पा शांतपणे म्हणाले. “बसा. ओटा लांब आहे.”

तो बिचारा बसला. पेन हातात, नजर तपासनिसांकडे. “साहेब, तुम्हीही सरकारी माणूस. तुम्हीच सांगा, मी अहवालात काय लिहू?”

तपासनिसांनी घसा खाकरला. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांना इतका अभिमान कधी वाटला नव्हता. “लिहा,” ते म्हणाले. “सदर घराची पाहणी केली असता घर सरळ असल्याचे आढळले.”

“आणि रस्ता?”

तपासनीस जरा अडले. एवढा मोठा सरकारी रस्ता, त्याच्याबद्दल काय शेरा मारावा? पण आप्पांना विचार करायची गरज पडली नाही. ते मान जराशी कलती करून समोर बघत होते.

“रस्ता तुम्ही उलट्या बाजूला काढलाय,” आप्पा म्हणाले. “लिहा तसं.”